सागाचं मूळगाव

नागपुरात घराचं काम निघालं की दारं-खिडक्यांचा विषय येतो. तो आला की वखारीत पहिला प्रश्न ठरलेला: माल कुठला? घाना, नायजेरिया, बर्मा, बल्लारशा, सीपी अशी नावं वखारवाला घडाघडा सांगतो आणि प्रत्येक नावागणिक दर बदलतो. यातलं ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत नकाशावरून जाऊन सात दशकं उलटली, तरी लाकूडबाजारात ‘सीपी टीक’ टिकून आहे. दिल्लीत मे २०२३ मध्ये नवं संसद भवन उघडलं, त्याच्या सजावटीतलं सागवान नागपूरहून गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून सागाचे ट्रक वाजतगाजत रवाना झाले. सागवान इतर ठिकाणीही मिळतं. पण मागणी येते ती इथल्या नावाने.

वनस्पतिशास्त्राच्या लेखी ही सगळी झाडं एकच आहेत: टेक्टोना ग्रँडिस. भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांत हा साग आपसूक उगवतो. बाकी जगात जिथे म्हणून साग दिसतो, तिथे तो माणसाने नेलेला आहे. जात एक असली तरी सुताराला सगळे साग सारखे लागत नाहीत. आदिलाबादकडच्या सागाच्या गाभ्यात गुलाबी छटा असते. केरळातल्या निलंबूरचा ओंडका लांब-जाड आणि सोनेरी तपकिरी, तर कोन्नीचा जास्त गडद. मध्य भारतातला, म्हणजे चंद्रपूर, शिवनी, होशंगाबाद पट्ट्यातला साग गडद रंगाचा असतो. त्याची रेघ वळणावळणाची आणि त्यात काळ्या रेषा. रंध्याखालून फळी काढली की जाणत्या सुताराला हे नजरेनेच कळतं.

प्रश्न असा, की हे वेगळेपण झाडाच्या रक्तातलं की त्या त्या जागेच्या पाण्या-मातीचं?

माती की बी?

या प्रश्नासाठी नागपूरइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. उत्तरेला पेंचचं सागबन आणि त्यामागे सातपुडा. पश्चिमेला मेळघाट, बेसॉल्टच्या उतारांवरचा. दक्षिणेला ताडोबा आणि चंद्रपूर. आग्नेयेला प्राणहितेच्या बाजूला गडचिरोलीचं आल्लापल्ली. पूर्वेला छत्तीसगडकडे सरकलं की साग विरळ होत जातो आणि सालवृक्षाचं राज्य सुरू होतं. नागपूर शहरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याचा साग याच्या दुपटीहून जास्त पाऊस पितो. इतक्या वेगळ्या हवेत वाढलेल्या दोन झाडांची उंची किंवा रंग वेगळा निघाला, तर त्यावरून त्यांच्या आनुवंशिकतेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

ही अडचण सोडवण्याची रीत दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये सापडली. फिलिप आंद्रे द व्हिल्मोरँ या बियाणं व्यापाऱ्याने १८२० च्या दशकात युरोपच्या निरनिराळ्या भागांतून स्कॉट्स पाइनचं बी मागवलं आणि ते सगळं ले बार इथल्या आपल्या एकाच जमिनीवर शेजारीशेजारी लावलं. वेगवेगळ्या गावची मुलं एकाच वर्गात बसवून एकच मास्तर शिकवायला दिला, तर पुढे दिसणारा फरक मास्तरच्या माथी मारता येत नाही, तसंच हे. माती एक, पाऊस एक, निगा एक. तरीही एका प्रदेशातल्या बियांची झाडं सरळ वाढली आणि दुसऱ्या प्रदेशातली वाकडी. म्हणजे फरक बियांतूनच आला होता. पाइनच्या डोंगरी जातींवर आजही याच रीतीने काम चालतं, कारण प्रत्येक पर्वतरांगेत वेगळी अडकून पडलेली झाडं कालांतराने एकमेकांपासून दुरावतात का, हा तिथला मुख्य प्रश्न आहे.

सागाच्या बाबतीत असा मोठा प्रयोग १९७० च्या दशकात झाला. डेन्मार्कच्या वनबीज केंद्राच्या समन्वयाने भारत, थायलंड, लाओस, इंडोनेशिया, शिवाय आफ्रिकेतल्या लागवडींतून बी गोळा केलं गेलं आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या देशांत एका आराखड्यानुसार लावलं गेलं. झाडं नऊ-दहा वर्षांची झाल्यावर एकदा आणि सतरा वर्षांच्या आसपास पुन्हा मोजली गेली. दमट जागी भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या सागाने चांगला जोम धरला. भारताच्या कोरड्या अंतर्भागातला साग त्याच दमट जागी मागे पडला आणि त्याचे बुंधेही तितके सरळ निघाले नाहीत. त्यावरून मध्य भारताचा साग कमी प्रतीचा ठरत नाही. कोरड्या रानात टिकून राहण्यासाठी घडलेलं झाड भरपूर पाण्यात शर्यत जिंकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उंची आणि जाडी यांवर जागेचा अंमल मोठा असतो. बुंध्याचा सरळपणा आणि फुलण्याचं वय मात्र बरंचसं वारशाने येतं, आणि फुलण्याच्या वयाची गंमत सागात विशेष आहे. सागाला पहिला तुरा येतो तो थेट शेंड्यावर. तुरा आला की शेंड्याची वाढ तिथेच संपते, खालचे दोन डोळे फुटतात आणि खोड दुभंगतं. लवकर फुलणारं झाड कमी उंचीवर दुभंगतं, म्हणून त्याचा सलग ओंडका आखूड. उशिरा फुलणारं झाड आधी उंच होतं, मग दुभंगतं. डेपोत लांब ओंडक्याला जास्त बोली लागते, ती एका अर्थाने झाडाच्या उशिरा वयात येण्याला लागलेली असते.

मधमाशी किती लांब जाते?

दोन रानांतली झाडं आनुवंशिकदृष्ट्या किती दुरावतील, हे त्यांच्यात देवघेव किती होते यावर ठरतं. झाडं जागची हलत नाहीत, हलतात ते पराग आणि बिया. पाइनचे पराग वाऱ्यावर मैलोगणती जातात. म्हणून पाइनच्या बऱ्याच जातींत रांगारांगांतला फरक अपेक्षेहून कमी सापडतो. सागाचं तसं नाही.

विदर्भात साग फुलतो तो भर पावसाळ्यात. रस्त्याने जाताना हिरव्या छत्रीवर पांढुरके तुरे दिसतात. एका तुऱ्यात हजारो फुलं, प्रत्येक फूल ज्वारीच्या दाण्याहून फारसं मोठं नाही आणि त्याचं आयुष्य एका दिवसाचं. सकाळी उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गळलेलं असतं. त्या एका दिवसात मधमाशी किंवा दुसरा एखादा किडा यायला हवा आणि त्याच्या अंगावर दुसऱ्या झाडाचे पराग असायला हवेत. साग स्वतःच्या परागांना बहुधा नाकारतो. एकाच झाडावर फिरणाऱ्या माशीचा त्याला फारसा उपयोग नाही. परिणामी शंभर फुलांमागे दोन-चार फळं धरली तरी चांगलं पीक म्हणायचं.

फळ पाहायचं असेल तर हिवाळ्यात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर किंवा पेंचच्या वाटेवर झाडाखाली पाहावं. हलक्या, फुगीर, कागदासारख्या पिशवीत ते बसलेलं असतं. पिशवी चोळून काढली की आत मखमली सालीचं, बोराच्या बीएवढं टणक फळ. ते फोडणं सोपं नाही. फोडलंच तर आत चार कप्पे दिसतात, आणि चारही भरलेले क्वचित. बहुतेकांत एखाद-दुसरी बी, कित्येकांत एकही नाही. कोरड्या भागातली फळं लहान असतात आणि दमट भागातली मोठी. बी रुजण्यातही आडमुठी असते. म्हणून रोपवाटिकेत ती पोत्यात भरून आळीपाळीने भिजवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा भिजवतात, आणि तेव्हा कुठे गादीवाफ्यावर कोंब दिसू लागतात.

पिशवीमुळे फळ थोडं घरंगळतं, ओढ्याच्या पाण्यात तरंगत थोडं पुढे जातं, पण बहुतेक फळं आईच्या सावलीतच पडतात. माशीची झेपही मर्यादित. मेळघाटच्या सागाचा पराग सह्याद्रीपर्यंत पोचणं अशक्यच. मध्ये शेती, गावं आणि काळ्या मातीची उघडी मैदानं आहेत. हजारो पिढ्या असं अंतर राहिलं की प्रत्येक रानाचा साग आपापल्या वाटेने जातो. काही फरक हवेने निवडलेले असतात, उदाहरणार्थ पानं गाळण्याची आणि फुटण्याची वेळ. काही निव्वळ योगायोगाने साचलेले असतात.

डीएनएने काय सांगितलं

पानातून डीएनए काढून त्यातल्या वारंवार येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजता येऊ लागली, तेव्हा रानारानांची नाती जोखायला झाड वाढण्याची वाट पाहणं संपलं. त्यांच्याबद्दल बरंच काही आता मूठभर पानांतून कळतं. कोइंबतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेने २०१८ मध्ये सागाच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदाच प्रसिद्ध केला. सागात गुणसूत्रांच्या अठरा जोड्या आहेत, आणि माणसाच्या मानाने त्याचा जनुकसंच नऊ-दहा पटींनी लहान आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अशा अभ्यासांतून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या.

पहिली, भारताचा साग आणि थायलंड-लाओसचा साग यांच्यात ठळक अंतर आहे. विविधता भारताकडे सर्वांत जास्त आणि पूर्वेकडे जावं तशी ती घटत जाते. लाओसकडे ती बरीच कमी झालेली असते. म्हणजे सागाची जुनी वस्ती आपल्या बाजूला असावी आणि पूर्वेकडे तो थोड्या थोड्या झाडांच्या टप्प्यांनी पसरला असावा. प्रत्येक टप्प्यावर वारशाचा काही भाग मागे राहिला.

दुसरी, भारतातही एक साग नाही. पश्चिम घाटाचा, त्यातही केरळ-कर्नाटकाकडच्या दमट रानांचा साग एका गटात पडतो आणि मध्य भारतातला कोरड्या रानांचा दुसऱ्या. सुताराने निलंबूर आणि मध्य भारत असा जो भेद केला होता, तो प्रयोगशाळेतही टिकला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाते. सागातल्या एकूण विविधतेचे चार वाटे केले, तर ढोबळ मानाने एकच वाटा रानारानांतल्या फरकाचा आहे. उरलेले तीन वाटे एकाच रानातल्या झाडाझाडांत आहेत. पेंचच्या एका टेकडीवरच्या शेजारच्या दोन सागांत जितका फरक असू शकतो, तितका पेंच आणि आल्लापल्ली यांच्या सरासरीतही नसतो. एका रानातून पाच-दहा ‘उत्तम’ झाडं निवडून त्यांचंच बी सगळीकडे लावलं, तर रानाचं नाव टिकतं आणि रानाचा वारसा जातो.

निघालेलं बी

वारसा अरुंद झाला की काय होतं, हे पाहायला जगभरची सागाची शेतं आहेत. डचांनी १६८० मध्ये साग सिलोनमध्ये नेला. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनॉली आणि त्याचा सहकारी चातू मेनन यांनी सागाची लागवड उभी केली. जगातली ही सर्वांत जुनी पद्धतशीर सागलागवड समजली जाते आणि तिचा एक तुकडा अजून राखलेला आहे. जावा बेटावर साग कित्येक शतकं आहे. त्याचं डीएनए लाओसकडच्या सागाशी जुळतं. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादने १९१३ मध्ये बी आणलं ते ब्रह्मदेशाच्या तेनासेरीममधून. पनामात १९२६ मध्ये जे बी गेलं ते सिलोनच्या बागेतलं, आणि मध्य अमेरिकेतल्या पुढच्या कितीतरी लागवडी त्यातूनच वाढल्या. एका मोठ्या प्रदेशाच्या कितीतरी सागबागा एका बागेतल्या थोड्या झाडांवर उभ्या राहिल्या.

आफ्रिकेचा हिशेब आपल्याला जास्त जवळचा आहे. तिथल्या लागवडींतल्या सागाची आशियातल्या रानांशी ताडून तपासणी झाली, तेव्हा बहुतांश साग भारतीय निघाला, आणि तोही भारतातल्या उत्तरेकडच्या गटाशी जुळणारा. त्यात थोडा भाग लाओसचा मिळाला. म्हणजे नागपूरच्या वखारीत ‘सीपी’पेक्षा स्वस्त म्हणून ठेवलेला आफ्रिकेचा साग पुष्कळदा आपल्याच सागाचा दूरचा नातेवाईक असतो. रक्त जवळचं आहे. पण आफ्रिकेच्या पावसात भरभर वाढून पंचवीस-तीस वर्षांतच तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि पांढरं कच्चं लाकूड जास्त. वखारीतल्या दराचा मोठा भाग झाडाच्या वयाचा असतो, जातकुळीचा नसतो.

विदर्भातला गुंता

मध्य प्रांतात सागाची राखण फार लवकर सुरू झाली. सातपुड्यातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं. देशातल्या अगदी पहिल्या राखीव वनांत त्याची गणना होते. पुढे तोड आणि लागवड यांचं चक्र बसलं. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा पट्टा, पाडायचा, मोकळी जमीन जाळून साफ करायची, आणि पावसाच्या तोंडावर खोडमुळं लावायची. गादीवाफ्यावरचं वर्षभराचं रोप उपटून त्याचं मूळ आणि खोड वीतभर राखून छाटलं की खोडमूळ तयार होतं. वनखात्यातले लोक त्याला सर्रास ‘रूटशूट’ म्हणतात. खुंटासारखा दिसणारा हा तुकडा पहारीने पाडलेल्या भोकात दाबला की पावसात फुटतो. सोय अशी की हजारो खोडमुळं पोत्यात भरून कुठेही नेता येतात. धोकाही त्याच सोयीत आहे. पोत्यावर संख्या आणि तारीख असते, पण मूळ बी कोणत्या रानाचं, ही नोंद दोन-तीन हात बदलले की हरवते.

१९७४ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि सागलागवडीचा आवाका वाढला. इकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ऊतिसंवर्धनाने सागाची रोपं तयार करण्याचं तंत्र १९८० मध्ये जगापुढे मांडलं. त्यात शंभर वर्षांच्या झाडाच्या डोळ्यांपासूनही रोपं मिळवली होती. शास्त्र म्हणून ती मोठी मजल होती, कारण म्हातारं झाड सहसा असं पुन्हा फुटायला तयार नसतं. पण एका झाडापासून लाखो रोपं करता येणं म्हणजे शेकडो एकरांवर एकच झाड उभं करता येणं. नव्वदच्या दशकात सागाच्या गुंतवणूक योजनांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पानंच्या पानं येत होत्या. वीस वर्षांत रोपाचे लाख होतील असा त्यांचा सूर. ते बी कुठल्या रानाचं आणि आपल्या शेतातला पाऊस कुठल्या रानासारखा, हा प्रश्न त्यात कुणी विचारत नव्हतं.

एकसारख्या सागाला विदर्भात एक जुना वैरीही आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाच्या पानांची चाळणी झालेली दिसते. शिरा शाबूत आणि मधला हिरवा भाग खाल्लेला. ही पानांची जाळी करणाऱ्या अळीची करामत. पाठोपाठ रान तपकिरी पडतं, वाढ खुंटते. मिश्र वारशाच्या रानात काही झाडं लवकर पालवतात, काही उशिरा, काहींची पानं जास्त राठ. सगळ्यांना सारखाच फटका बसत नाही. सगळी झाडं एकाच वेळी एकाच अवस्थेत असतील तर अळीला पंगतच मिळते.

बीजोत्पादनासाठी लावलेल्या कलमी बागांनी दुसरा धडा दिला. वेगवेगळ्या भागांतली निवडक झाडं कलमं करून एकत्र लावली की त्यांच्यात उत्तम संकर होईल, अशी अपेक्षा होती. पण प्रत्येक कलम आपल्या मूळगावच्या वेळापत्रकाने फुललं. एक जूनच्या शेवटी, दुसरं ऑगस्टमध्ये. फूल एका दिवसाचं, आणि स्वतःचे पराग चालत नाहीत. मग फळं धरणार कशी? देशभरच्या अशा अनेक बागांत बी फारच कमी आलं. झाडं शेजारी लावली म्हणून त्यांची मूळगावं शेजारी येत नाहीत.

काय राखायचं?

आल्लापल्लीजवळ जुन्या रानाचा एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून वाचवून ठेवला आहे. ‘ग्लोरी ऑफ आल्लापल्ली’ नावाने तो ओळखला जातो. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम सहा हेक्टर. तिथले प्रचंड सागवृक्ष पाहायला लोक जातात आणि मोठ्या बुंध्याला मिठी मारून फोटो काढतात. आनुवंशिकतेच्या नजरेने पाहिलं तर तिथली बारीक, वाकडी, कुणाच्या नजरेत न भरणारी झाडंही तेवढीच मोलाची आहेत, कारण ती कुणी निवडलेली नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीच्या रानाचा वारसा जसाच्या तसा सांभाळणारी ती झाडं आहेत.

असा तुकडा एका रानात असून भागत नाही. मेळघाटात, पेंचमध्ये, ताडोब्याच्या बाजूला आणि सह्याद्रीच्या पायथ्याला प्रत्येकी असा, शक्य तितका मोठा, बाहेरचं बी न शिरलेला तुकडा हवा. शेजारच्या लागवडीत परकं बी असेल तर मधमाशी सीमा पाळत नाही, म्हणून त्याच्याभोवती अंतरही हवं. उन्हाळे तापत चालले आहेत आणि पावसाचे दिवस आखडत आहेत. उद्या निलंबूरसारख्या दमट जागीही कोरडं सोसणारा साग लागेल, तेव्हा तो गुण कोरड्या रानांतच शोधावा लागेल. आंतरराष्ट्रीय चाचण्यांत दमट जागी मागे पडलेला आपला साग त्या वेळी पुढे येऊ शकतो.

जात म्हणून सागाची लागवड तीन खंडांत वाढते आहे. मेळघाटचा साग, आल्लापल्लीचा साग, सह्याद्रीचा साग हे मात्र लागवडीने वाढत नाहीत. कुठलंही बी कुठेही नेलं की ते एकमेकांत मिसळून जातात आणि पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. बांधावर पन्नास साग लावणाऱ्या शेतकऱ्याने रोपवाटिकेत दराआधी रोपाचं मूळगाव विचारावं. उत्तर मिळालं नाही तर दुसरी रोपवाटिका पाहावी. आणि मिळालं तर ते वहीत लिहून ठेवावं, कारण ती झाडं तोडायची वेळ येईल तेव्हा हिशेब त्याची नातवंडं करणार आहेत.